गावातून उचललेल्या डॉक्टरचे तीस टक्के

आधी एक हिशेब करू, इतिहास त्यानंतर.

समजा, एक एमबीबीएस झालेली डॉक्टर सरकारी सेवेत आहे. सरकारनेच दुर्गम म्हणून जाहीर केलेल्या डोंगराळ भागात, प्राथमिक आरोग्य केंद्रावर तिची दोन वर्षं पूर्ण झालीत, तिसरं सुरू आहे. तेवढ्यात २०२० चा एप्रिल येतो. संध्याकाळी जिल्ह्याहून निरोप येतो, उद्या सकाळी जिल्हा मुख्यालयातल्या कोविड रुग्णालयात हजर व्हा. ती जाते. साथरोगाचा कायदा लागू आहे, 'नाही' म्हणायची सोय नाही. आठ महिने ती पीपीई किटमध्ये काढते आणि मग आपल्या केंद्रावर परत येते. पुढे ती नीट-पीजी देते, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा. ८०० पैकी ४०० मार्क पडतात.

आता नियम काय सांगत होता? सरकारी सेवेतल्या डॉक्टरला दुर्गम, अवघड किंवा ग्रामीण भागातल्या प्रत्येक वर्षाच्या सेवेसाठी, मिळालेल्या मार्कांच्या १० टक्क्यांपर्यंत वाढीव मार्क देता येतात. जास्तीत जास्त ३० टक्के. तीन वर्षं धरली तर तिच्या ४०० चे ५२० होतात. दोनच धरली तर ४८०. मधले हे ४० मार्क म्हणजे गुणवत्ता यादीत हजारो क्रमांकांचा फरक. मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग मिळणार, की जे उरेल ते घ्यावं लागणार, हे त्या ४० मार्कांवर ठरतं.

तर प्रश्न एवढाच आहे. कोविडचे ते आठ महिने ग्रामीण सेवा म्हणून धरायचे की नाही?

सेवापुस्तकात तिची नेमणूक गावातच आहे. अंगाने ती शहरात होती. आणि शहराचं नाव दुर्गम भागाच्या यादीत नाही.

यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं, "जिवावर उदार होऊन काम केलंय, सगळ्यांनाच ग्रामीण सेवेचे मार्क द्या." दुसरं म्हणतं, "गावात नव्हता ना? मग मार्क कसले?" मला दोन्ही अर्धवट वाटतात. का, ते कळायला हे मार्क आले कुठून ते बघावं लागेल.

इमारत गावात, डॉक्टर शहरात

१९४३ साली ब्रिटिश सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. तेव्हा अख्ख्या देशात नोंदणीकृत डॉक्टर होते सुमारे ४७ हजार. त्यातले जवळपास ३० हजार लायसेंशिएट होते, म्हणजे एमबीबीएसपेक्षा छोटा अभ्यासक्रम केलेले. समितीच्या बहुमताने ठरवलं की यापुढे देशात एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करायचा, तो म्हणजे एमबीबीएस. काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं होतं, की डॉक्टरांचा एवढा दुष्काळ असताना लायसेंशिएट बंद करू नका. त्यांचं चाललं नाही.

त्याच अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना पुढे आली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्यासोबत ही केंद्रं उभी राहायला लागली. आजचा निकष सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असा आहे.

म्हणजे एकाच अहवालाने दोन गोष्टी केल्या. डॉक्टर घडवायचा तो मोठ्या कॉलेजात, मोठ्या रुग्णालयात, मोठ्या शहरात. आणि त्याला काम द्यायचं ते वीस हजार वस्तीच्या डोंगरात. दर्जाचा आग्रह चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण पाच-सहा वर्षं शहरात शिकलेल्या मुलाला गावात कोण आणि कसं टिकवणार, याचं उत्तर तेव्हापासून आपण शोधतोच आहोत.

बरेच उपाय झाले. १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला गावाकडे वळवायची केंद्राची योजना आली, मेडिकल कॉलेजांनी आसपासची आरोग्य केंद्रं दत्तक घ्यावीत अशी तिची कल्पना होती. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण पोस्टिंग आलं. बाँड आला: सरकारी कॉलेजात शिकलात, आता अमुक इतके महिने सेवा द्या, नाहीतर दंड भरा. बाँड भरून मोकळे होणारेही निघाले.

पैशांचाही उपाय झाला. आपल्याकडे ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय अनेकांना तोंडपाठ असेल. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला एकस्तर वेतनश्रेणी त्यानेच मिळाली. ज्या शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी ती घेतली त्यांना हेही माहीत आहे की त्या भागातून बदली झाली की एकस्तर गेली. लाभ जागेला चिकटलेला असतो. माणूस जागेवर असेपर्यंत तो माणसाचा.

हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ इथेच आहे.

मार्कांचं आमिष आणि कोर्टाची नाराजी

तरुण एमबीबीएस डॉक्टरला पैशापेक्षा जास्त हवी असते ती पीजीची सीट. एमडी, एमएस झाल्याशिवाय आज कुणी विचारत नाही. सरकारच्या हे लक्षात आलं तेव्हा वेगळा सौदा पुढे आला: तू गावात राहा, आम्ही तुला पीजीच्या रांगेत थोडं पुढे सरकवतो.

कोर्टांना हा सौदा सुरुवातीला रुचला नाही. १९८६ साली अलाहाबादच्या मोतीलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या गाजलेल्या खटल्यात अखिल भारतीय प्रवेश परीक्षेची योजना ठरत होती. तिच्यात ग्रामीण सेवेसाठी वाढीव वजन देण्याची सूचना होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. देशपातळीवर निवड करताना गुणवत्तेशिवाय दुसऱ्या कशाने पारडं झुकू नये, असा त्यामागचा विचार.

सहाच वर्षांत सूर मऊ झाला. १९९२ च्या ओडिशातल्या स्नेहलता पटनायक प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की सेवेतल्या डॉक्टरांनी पाच वर्षं किंवा जास्त ग्रामीण सेवा केली असेल, तर कमाल ५ टक्क्यांपर्यंत वजन द्यायचा विचार करायला हरकत नाही. पाच वर्षांना पाच टक्के. तुलनेसाठी बघा, नंतरच्या नियमात तीन वर्षांना ३० टक्के झाले. गावाची गरज तेवढी वाढली म्हणा किंवा गावात जायची इच्छा तेवढी आटली म्हणा.

२००३ मध्ये मध्य प्रदेशच्या तिरथानी खटल्यात कोर्टाने ग्रामीण सेवेच्या वजनाला मान्यता दिली, पण सेवेतल्या डॉक्टरांनाही पात्रतेचे किमान गुण मिळवावेच लागतील हे बजावलं. दरम्यान भारतीय वैद्यक परिषदेची २००० सालची पदव्युत्तर शिक्षण नियमावली आली होती. पुढच्या सुधारणांमधून तिच्या नवव्या नियमात वर सांगितलेलं सूत्र आलं: दर वर्षी १० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० टक्के. कुठला भाग दुर्गम किंवा अवघड, हे राज्य सरकारने वेळोवेळी जाहीर करायचं.

यातली एक खोच बघा. हे टक्के 'मिळालेल्या' मार्कांचे आहेत, एकूण मार्कांचे नाहीत. म्हणजे ज्याला ३०० पडले त्याला तीन वर्षांचे ९० मिळतात आणि ज्याला ५०० पडले त्याला १५०. सेवा दोघांचीही तीनच वर्षांची. गुणवत्ता आणि सेवा यांचा मेळ घालायची ही युक्ती होती: नुसतं गावात बसून चालणार नाही, अभ्यासही हवा.

मग आलं १६ ऑगस्ट २०१६. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध दिनेश सिंह चौहान. सेवेतल्या डॉक्टरांसाठी एमडी-एमएसच्या वेगळ्या राखीव जागा ठेवता येणार नाहीत, नववा नियम हीच पूर्ण व्यवस्था आहे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. पण वाढीव मार्कांची तरतूद त्याने उचलून धरली. कारणही स्पष्ट सांगितलं: तरुण डॉक्टरांनी सेवेत यावं, दुर्गम भागात जावं, म्हणून हे प्रोत्साहन. राखीव जागा गेल्या आणि सगळा भार आला मार्कांवर. २०१८ च्या दुरुस्तीत 'दुर्गम आणि अवघड' याला 'ग्रामीण' हा शब्दही जोडला गेला आणि दावेदार वाढले.

तर २०२० च्या उंबरठ्यावर स्थिती अशी होती. अनेक राज्यांतल्या सेवेतल्या डॉक्टरला पीजीला जायची सर्वात मोठी शिडी म्हणजे हे ३० टक्के. आणि ती शिडी उभी होती एका यादीवर, गावांच्या आणि केंद्रांच्या नावांच्या यादीवर.

१८९७ चा कायदा आणि २०२० चा हुकूम

महाराष्ट्रात ९ मार्च २०२० ला पुण्यात पहिले रुग्ण सापडले आणि १३ मार्चला साथरोग कायदा लागू झाला. कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळचा. जेमतेम चार-पाच कलमांचा. सरकारला हवे ते उपाय करायचा अधिकार तो देतो. पण ज्याला हुकूम दिला जातो त्याला सरकार काय देणं लागतं, यावर त्यात एक अक्षर नाही.

त्याच १८९७ साली, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. त्या सेवेचा हिशेब त्यांनी कुणाकडे मागितला नाही. स्वतःहून केलेल्या सेवेची थोरवी ती. पण हुकमाने करून घेतलेल्या सेवेचा हिशेब हुकूम देणाऱ्यानेच ठेवायचा असतो. १८९७ च्या कायद्याने तो ठेवला नाही. एप्रिल २०२० मध्ये याच कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा आली. ती हवीच होती. सेवेच्या हिशेबाची जागा मात्र तेव्हाही कोरीच राहिली.

तोवर सगळीकडे डॉक्टरांची हलवाहलव सुरू झाली होती. मुंबईचं नायर रुग्णालय एप्रिलमध्येच पूर्ण कोविडसाठी गेलं. मे महिन्यात मुंबईतल्या खासगी डॉक्टरांनाही किमान १५ दिवस कोविड सेवेचं बंधन घातलं गेलं. त्वचारोग, नेत्ररोग, अस्थिरोग, कुठल्याही विषयाचे पीजी विद्यार्थी कोविड वॉर्डात उभे होते. आणि जिल्ह्याजिल्ह्यात आरोग्य केंद्रांवरचे वैद्यकीय अधिकारी कोविड केअर सेंटरला, उपजिल्हा रुग्णालयाला, जिल्हा मुख्यालयाला जोडले गेले. त्यांच्या मागे गावातलं केंद्र कुणी सांभाळलं? नर्सबाईंनी, आरोग्य सेवकांनी, आशाताईंनी, आणि बऱ्याच ठिकाणी बीएएमएस डॉक्टरांनी. या बीएएमएस डॉक्टरांना नीट-पीजीच्या मार्कांचा काडीचा उपयोग नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

या गदारोळाच्या ऐन मध्यावर, ३१ ऑगस्ट २०२० ला, तमिळनाडूच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. न्या. अरुण मिश्रा अध्यक्ष होते. २०१६ ची भूमिका त्यांनी मान्य केली नाही. सेवेतल्या डॉक्टरांसाठी राखीव जागा ठेवायचा अधिकार राज्यांना आहे, वैद्यक परिषद तो काढून घेऊ शकत नाही, असं ते म्हणाले. मात्र असा डॉक्टर पीजी झाल्यावर ग्रामीण, आदिवासी, डोंगरी भागात ठराविक वर्षं सेवा देईल, तसा बाँड त्याच्याकडून घ्या, हेही सांगितलं. म्हणजे कोर्टाच्या नजरेत या साऱ्या सवलतींचा मालक गाव आहे. डॉक्टर हा फक्त वाहक.

तीन रांगा, तीन वेगळे दावे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'कोविड ड्युटीला ग्रामीण सेवा धरा' या एका वाक्यात तीन वेगवेगळे लोक बोलतात, आणि आपण त्यांना एकाच रांगेत उभं करतो.

पहिली रांग: दुर्गम केंद्रावर नेमणूक असताना हुकमाने शहरात नेलेले वैद्यकीय अधिकारी. वरच्या हिशेबातली आपली डॉक्टर.

दुसरी रांग: मुळातच शहरात किंवा तालुक्याच्या मोठ्या गावी नेमणूक असलेले सरकारी डॉक्टर. त्यांनी तिथेच कोविड वॉर्ड सांभाळला.

तिसरी रांग: निवासी डॉक्टर, इंटर्न आणि बाँडचे डॉक्टर. ज्यांनी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात रात्रंदिवस काम केलं.

तिघांचे कष्ट सारखे असतील. तिसऱ्या रांगेचे कदाचित सगळ्यात जास्त. पण कष्ट सारखे म्हणून दावा सारखा होत नाही.

तिसऱ्या रांगेचं काय होतं ते गुजरातने दाखवलं. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या भरात, तिथल्या सरकारने पीजी संपवणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं की कोविड सेवेचा एक दिवस म्हणजे बाँडच्या सेवेचे दोन दिवस. लाट ओसरली आणि सरकारने ही सवलत मागे घेतली. ऑगस्टमध्ये निवासी डॉक्टर संपावर गेले. आरोग्य खातं तेव्हा उपमुख्यमंत्री नितीन पटेल यांच्याकडे होतं. त्यांनी संप बेकायदा ठरवला.

शब्द देऊन फिरवणं वाईटच, त्यात सरकारची बाजू घेण्यासारखं काही नाही. पण शब्दच मुळात कसा होता बघा. एकास दोन. सहा महिने शहरातल्या रुग्णालयात काढले की वर्षाचा बाँड फिटला. मग ज्या गावाला त्या वर्षी एक डॉक्टर मिळणार होता त्याच्या वाट्याला काय आलं? शून्य. बक्षीस दिलं सरकारने, पैसे भरले गावाने. आणि गावाला कुणी विचारलंही नाही.

म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेला ग्रामीण सेवेचं नाणं देऊ नये असं माझं मत आहे. त्यांचा गौरव दुसऱ्या नाण्यात करा: रोख मानधन, भरती, विमा, रजा. केंद्र सरकारनेही ३ मे २०२१ ला हाच मार्ग धरला होता. नीट-पीजी किमान चार महिने पुढे ढकलताना सांगितलं की १०० दिवस कोविड सेवा करणाऱ्यांना सरकारी नोकरभरतीत प्राधान्य मिळेल. पीजीच्या मार्कांना हात लावला नाही. ते प्राधान्य पुढे कुणाला किती मिळालं हा वेगळा विषय, पण नाणं बरोबर निवडलं होतं.

पहिल्या रांगेचं वेगळं काय?

पहिल्या रांगेतली डॉक्टर बक्षीस मागतच नाही. तिचं म्हणणं एवढंच, की माझं होतं ते काढून घेऊ नका.

या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपल्या प्रशासनाला तो नवा नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर हजारो तरुण तातडीच्या कमिशनवर लष्करात गेले. पुढे ते सुटून नागरी नोकऱ्यांत आले तेव्हा त्यांच्या बरोबरीची मुलं ज्येष्ठतेत त्यांच्या पुढे गेलेली होती. सरकारने काय केलं? १९६७ च्या नियमांत त्यांच्यासाठी जागा राखल्या आणि ज्येष्ठता ठरवताना असं गृहीत धरलं, की लष्करात गेले नसते तर पहिल्या संधीलाच ते या नोकरीत आले असते. सीमेवरची चौकी म्हणजे कचेरी, असं कुणी म्हटलं नाही. देशाने बोलावलं म्हणून माणूस मागे पडू नये, एवढंच म्हटलं.

रोजच्या कारभारातही हेच चालतं. गुरुजी निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला गेले तर शाळेतली त्यांची सेवा तुटत नाही. प्रतिनियुक्तीवर गेलेल्याचा मूळ पदावरचा धारणाधिकार राहतो. मग साथीच्या हुकमाने गेलेल्या डॉक्टरच्या बाबतीतच ठिकाणाची फूटपट्टी का लावायची?

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. मार्क गावासाठी होते ना? गावाला तर त्या आठ महिन्यांत डॉक्टर मिळालाच नाही. मग गावाच्या नावाचे मार्क कसे द्यायचे?

बरोबर आहे. गावाचं नुकसान झालं. पण ते डॉक्टरने केलं नाही, हुकमाने केलं. तिचे मार्क कापले म्हणून गावाचे आठ महिने परत येत नाहीत. उलट गावाचं दुसरं नुकसान होतं, आणि ते पुढचं असतं. उद्या जो मुलगा दुर्गम केंद्र घ्यावं की नाही या विचारात आहे, तो बघणार की एका संध्याकाळच्या निरोपाने इथला करार मोडतो. मग तो कशाला जाईल? प्रत्येक जण मेळघाटातल्या बैरागडला आयुष्य काढणारे डॉ. रवींद्र कोल्हे नसतो. सरकारी योजना साध्या माणसासाठी असते, आणि साधा माणूस शब्दाचा भरवसा बघतो. तिच्या मार्कांचं रक्षण केलं तर तिच्या मागून येणाऱ्या डॉक्टरचा रस्ता उघडा राहतो. गावाचा फायदा त्यात आहे.

दुसरा आक्षेप खुल्या यादीतल्या मुलाचा. तोही इंटर्न म्हणून कोविड वॉर्डात होता. त्याचं म्हणणं, "तिला ५२० आणि मला ४००?" मित्रा, ते १२० मार्क कोविडचे नाहीतच. ते तीन वर्षांच्या दुर्गम नेमणुकीचे आहेत. साथ आली नसती तरी तिला ते मिळालेच असते. साथीमुळे एकही मार्क वाढू नये आणि एकही कमी होऊ नये, एवढीच मागणी आहे. ३० टक्क्यांची कमाल मर्यादा तशीच राहते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि तो आरोग्य खात्यातलेच लोक हळू आवाजात सांगतात. नेमणूक दुर्गम केंद्रावर, पण वशिल्याने 'सोय' म्हणून वर्षानुवर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी काम. लाभ दुर्गमचे, बिऱ्हाड शहरात. ही जुनी खोड आहे. कोविडच्या नावाने सरसकट दार उघडलं तर हेच लोक पहिले आत शिरतील.

म्हणून कसोट्या हव्यात, आणि त्या अवघड नाहीत.

एक, आदेश सरकारने काढलेला हवा, नावानिशी, साथीच्या कामासाठी. स्वतः मागून घेतलेली प्रतिनियुक्ती चालणार नाही.

दोन, आदेशाच्या दिवशी मूळ नेमणूक यादीतल्या केंद्रावर आणि प्रत्यक्ष हजेरी तिथे हवी. कार्यमुक्त झाल्याची आणि रुजू झाल्याची तारीख हजेरीपटाशी जुळायला हवी.

तीन, काम संपल्यावर डॉक्टर मूळ केंद्रावर परतलेला हवा. जो परतला नाही, शहरातच चिकटला, त्याची मोजणी लाट ओसरल्याच्या दिवशी थांबवा.

या तीन चाळण्यांतून जो गाळून येईल त्याचे दिवस धरा. सगळे धरा, एकास एक. एकास दोन नको, एकास शून्यही नको.

कागद

इतकं सोपं आहे तर घोळ कुठे होतो? कागदात.

एप्रिल २०२० मध्ये ज्या घाईत माणसं हलली त्या घाईत किती आदेश नीट निघाले असतील याचा विचार करा. ग्रुपवर आलेली यादी, फोनवरचा निरोप, "आधी हजर व्हा, ऑर्डर मागून येईल." दीड वर्षाने अनुभव प्रमाणपत्र मागायला जावं तर साहेब बदललेले, कारकून बदललेला, आणि नवा माणूस विचारतो, "कशावरून?" नवव्या नियमात साथ नाही, प्रतिनियुक्ती नाही, हुकमाने हलवलेल्याचं काय करायचं तेही नाही. त्यात आहे फक्त सेवा आणि जाहीर केलेला भाग. जिथे नियम गप्प असतो तिथे टेबलावरचा माणूस नियम होतो.

वेळापत्रकानेही परीक्षा पाहिली. त्या वर्षीची नीट-पीजी १८ एप्रिल २०२१ ला व्हायची, ती झाली ११ सप्टेंबरला. मग आर्थिक दुर्बल घटकाच्या आठ लाखांच्या मर्यादेचा वाद कोर्टात गेला, दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, ७ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि १२ जानेवारीला कौन्सेलिंग सुरू झालं. इतक्या वेळा तारीख सरकली की 'एक वर्ष पूर्ण' कोणत्या दिवशी मोजायचं, हाच वादाचा मुद्दा व्हावा. एखाद्याचे अकरा महिने असतात, एखाद्याचे बारा. एका महिन्याने १० टक्के इकडचे तिकडे.

सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या २० टक्के जागा राखल्या. प्रक्रिया सुरू असताना नियम बदलला म्हणून तो निर्णय कोर्टात गेला आणि सर्वोच्च न्यायालयात टिकला. शिडीचा आकार बदलला. पण आतल्या मोजणीचा प्रश्न तोच आहे. राखीव जागा असो की वाढीव मार्क, शेवटी कुणीतरी विचारणारच: तुमची सेवा कुठली? किती दिवसांची? कागद कुठे आहे?

पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही, पण येईल. तेव्हाही पहिला फोन बहुधा त्याच डोंगरातल्या केंद्रावर जाईल, कारण हुकूम ऐकणारा सरकारी डॉक्टर तिथेच असतो. त्या दिवशी कुणाच्या मनाच्या मोठेपणावर गोष्ट सोपवायला नको. आदेशाच्या छापील नमुन्यातच एक ओळ घालून ठेवा, आज, शांततेच्या दिवसांत: 'सदर कालावधी संबंधितांच्या मूळ पदस्थापनेच्या ठिकाणची सेवा म्हणून गणण्यात येईल व काम संपताच ते मूळ ठिकाणी रुजू होतील.' अर्ध्या वाक्यात डॉक्टरचा हक्क आहे, उरलेल्या अर्ध्यात गावाचा.

आणि २०२०-२१ मध्ये जे असे हलवले गेले होते त्यांना एकच सांगणं. घरातलं कपाट उघडा. कार्यमुक्तीचा कागद, रुजू अहवाल, हजेरीपटाची झेरॉक्स, जे असेल ते एका फाईलला लावा आणि सेवापुस्तकात नोंद झाली आहे का ते कार्यालयात जाऊन बघून या. नसेल तर आजच अर्ज द्या, पोच घ्या.